बेलभंडारा आणि वीस बाजूंचा फासा

पॅलाडिन कोणी घ्यायचा, हा प्रश्न आमच्या टेबलावर सगळ्यात शेवटी सुटतो. चोर लगेच जातो, कारण त्याला कुलपं उघडता येतात आणि वाटेल ते खोटं बोलता येतं. जादूगार जातो. जनावराचं रूप घेणारा वनवासी जातो. मग उरतो तो एकच कागद. त्यावर चिलखत असतं, तलवार असते, देवाशी बांधलेलं व्रत असतं आणि वागणुकीवरची बंधनं असतात. मंडळी एकमेकांकडे बघतात, आणि तो कागद हळूहळू सरकत गटातल्या वयाने मोठ्या माणसापुढे जातो. "सर, हा तुम्हीच घ्या. तुम्हाला शोभेल." सर पंचेचाळीस-पन्नाशीचे असतात, आयटी कंपनीत वरच्या जागेवर असतात आणि बरोबरच्या पोरांनी ओढून आणलेले असतात. ते चष्मा कपाळावर ढकलतात, कागद हातभर लांब धरतात आणि विचारतात, "ह्यात मला करायचं काय असतं?"

या प्रश्नाचं उत्तर देणं हे आता माझं काम आहे. आधी मी शाळेत इतिहास शिकवायचे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर भावाच्या मुलाने मला हा खेळ शिकवला. त्याला वाटलं होतं, आत्या दोन-चार रविवार रमेल. आत्या रमली ती रमलीच. आता पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या बाजूला एका बंगल्यावर मी बाहेरून आलेल्या गटांना खेळवते. मंडळी मुंबई-पुण्याहून धरण बघायला येतात, पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसून येतात, भजी आणि भाजलेली कणसं खातात. संध्याकाळी पोलीस शिट्ट्या मारत सगळ्यांना खाली पाठवतात. मग रात्र उरते. बाहेर पाऊस असा की गॅलरीतून समोरचं झाड दिसत नाही, वीज कधी जाईल याचा नेम नाही, मोबाइलला रेंज नाही. अशा रात्री सहा माणसांना एका टेबलाभोवती चार तास बसवणं फारसं अवघड नसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये बाजारात आणला. त्यात पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते बोलून दाखवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणी पुस्तकात पॅलाडिन हे पात्र दाखल झालं. शार्लमेन राजाच्या दंतकथांमधल्या बारा वीरांचं हे नाव. खेळातल्या पॅलाडिनवर पॉल अँडरसन या लेखकाच्या एका कादंबरीचीही दाट सावली आहे. तिचा नायक दुसऱ्या महायुद्धातून थेट परीकथेच्या जगात जाऊन पडतो, आणि तो धंद्याने इंजिनिअर असतो. हे मी भुशीत सांगितलं की नौदलातून निवृत्त झालेलं कोणी टेबलावर असलं तर खूश होतं. आमच्या शेजारीच आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर तिथे तयार होतात.

पॅलाडिनचे जुने नियम वाचताना मला शाळेच्या शिस्तपुस्तिकेची आठवण व्हायची. १९७८ च्या पुस्तकाप्रमाणे तो माणूसच हवा, नीतीने सरळ हवा, आणि त्याचं व्यक्तिमत्त्व अठरापैकी किमान सतरा गुणांचं हवं. मंतरलेल्या वस्तू त्याला दहाच बाळगता येतात. मिळकतीचा दहावा हिस्सा हातात पडल्याबरोबर दान करावा लागतो. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की त्याची दैवी शक्ती जाते आणि परत येत नाही. २०१४ च्या आवृत्तीत हे पुष्कळ सैल झालं. आता तो कोणत्याही नीतीचा असू शकतो. तिसऱ्या पायरीवर पोचला की त्याने एक व्रत निवडायचं, बस्स.

मी खेळवते ती हीच आवृत्ती. पण बरेच दिवस मला काहीतरी खुपत होतं. विशी-पंचविशीतली मुलं पॅलाडिन घेत तेव्हा व्रताचा कागद भराभर भरत. अन्यायाविरुद्ध लढेन, दुबळ्यांचं रक्षण करेन, अंधार नष्ट करेन. भरून झालं की विचारत, "ह्याने डॅमेज किती वाढतं?" त्यात वाईट काही नाही, नियमच तसा आहे. व्रत घेतलं की तलवारीत बळ येतं. व्रत म्हणजे मिळकत, असा तो हिशेब आहे. पण इतिहासाच्या तासाला मी इतकी वर्षं जी शपथ शिकवली तिचा हिशेब याच्या बरोबर उलटा होता.

१६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं गेली होती. खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. काही जण गेले. रोहिडखोऱ्याचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले. जेधे घराण्याच्या करीन्यात, म्हणजे हकीगतीत, हा प्रसंग आहे. महाराजांनी त्यांना वतनाचं काय होईल याची जाणीव करून दिली, आणि कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं. ते तेव्हा तरुण नव्हते. शहाजीराजांच्या काळापासूनचे, कर्ती मुलं असलेले पोक्त गृहस्थ होते. महाराजांनी त्यांना बायकामुलं तळेगाव ढमढेऱ्याला हलवायला सांगितली आणि बाकीच्या देशमुखांना एकत्र आणायचं काम दिलं.

वर्गात हा प्रसंग सांगताना मुलांचे डोळे अफजलखानाच्या वधाकडे लागलेले असायचे. कान्होजींपाशी कोणी थांबत नसे, आणि पाठ्यपुस्तकात जागा नसल्यामुळे मीही पुढे जात असे. पन्नाशी जवळ आली तेव्हा मला कळलं की त्या कथेतली अवघड गोष्ट ती आहे. वीस वर्षांच्या मुलाने पाणी सोडायचं ठरवलं तरी सोडणार कशावर? त्याच्या नावावर अजून काही झालेलंच नसतं. ज्याच्याकडे शिवार आहे, वाडा आहे, चार पिढ्यांचा मान आहे, ज्याच्या पाठीशी खाणारी तोंडं आहेत, त्याच्याच शपथेला वजन असतं. म्हणून पवित्र योद्धा हा पात्रप्रकारच मुळात प्रौढ माणसाचा आहे असं माझं मत झालं. पोरगेले पॅलाडिन चित्रात छान दिसतात. खेळात ते बहुतेक वेळा तलवारबाजच राहतात.

मग मी माझ्या टेबलापुरता नियम बदलला. पॅलाडिनच्या कागदावर व्रताच्या रकान्याशेजारी मी एक रकाना हाताने आखते. वर लिहिते, 'वतन'. पात्राकडे आज जे आहे आणि व्रतामुळे जे जाऊ शकतं ते त्यात लिहायचं. तीन गोष्टी पुरे. खेळ सुरू होण्याआधी त्यातली एक निवडायची आणि तिच्यावर पाणी सोडायचं. टेबलावर तांब्या-ताम्हन असतं, ते नाटकाला नाही तर हात ओला व्हावा म्हणून. शपथ घेताना बेलाचं पान आणि भंडारा उचलायची आपली जुनी रीत आहे. ज्यांना हवं त्यांच्यासाठी मी चिमूटभर हळदही ठेवते. काही जण हसतात, काही जण फोटो काढतात. पण रकाना भरताना हसू थांबतं. तरुण मुलं लिहितात, 'घोडा', 'वडिलांची तलवार'. पन्नाशीची माणसं लिहितात, 'ओढ्याकाठचं भाताचं खाचर', 'धाकटीचं लग्न', 'गावातलं नाव'. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'दुपारची झोप', आणि त्यावर त्यांनी पाणी सोडायला साफ नकार दिला.

वयाची गोष्ट या खेळाला पूर्वी ठाऊक होती. १९७९ मध्ये आलेल्या खेळवणाऱ्याच्या पुस्तकात वयाचा तक्ता होता. माणूस ४१ ते ६० या वयात मध्यमवयीन. त्या टप्प्यावर ताकदीतला एक गुण जातो, काटकपणातला एक गुण जातो, आणि बुद्धी व शहाणपण यांत एकेक गुण वाढतो. मी खेळवते त्या आवृत्तीत हा तक्ता नाही. मी तो परत आणलाय, ज्याला हवा त्याच्यापुरता. वाटलं होतं, सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांची आठवण कोणाला हवी असेल? पण मोठी माणसं तो हौसेने घेतात. "म्हणजे चढावर मी मागे राहणार ना? राहतो. पण फितूर कोण ते मला आधी कळेल." आपल्या वयाचं पात्र मिळालं की त्यांचे खांदे सैल पडतात. अठरा वर्षांचा अजिंक्य वीर होण्याचा प्रयत्न करताना ती अवघडून बसलेली असतात.

जगाचं म्हणाल तर परदेशी पुस्तकातला नकाशा मी कधीच गुंडाळून ठेवला. भुशीत बसून कुठल्या बर्फाळ राज्याची वर्णनं करायची? गॅलरीचं दार उघडलं की जग समोर आहे. बोरघाटातून चढून येणारे लमाण, कार्ल्याच्या लेण्यात दान देऊन जाणारे परदेशी व्यापारी, लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना, राजमाची, खाली उतरणारं धुकं. मी फक्त काळ ढवळते आणि नावं बदलते. आमच्या जगात एक तलाव आहे. लोखंडी जनावरांना तहान लागते म्हणून एका विसरलेल्या राज्याने तो बांधला. जनावरं मेली, पाणी राहिलं. खेळणाऱ्यांना ही माझी कल्पना वाटते, आणि मग मी सांगते की दिवसभर ज्या पायऱ्यांवर तुम्ही बसला होतात ते भुशी धरण १८६० च्या दशकाच्या अखेरीस जीआयपी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला होता आणि घाट चढताना इंजिनं पाणी पीत होती. पुढे १९३० च्या सुमारास या मार्गावर वीज आली. त्या जुन्या बांधावर आता सबंध महाराष्ट्र भिजायला येतो.

तलावात अडवलेली ती नदी इंद्रायणी. कुरवंड्याजवळ उगम पावते आणि इथून देहूला जाते, मग आळंदीला. धर्मयोद्ध्यांच्या गोष्टी सांगायला बसलेल्या माणसाला या नदीचा धाक वाटायला हवा. तिच्या काठची खरी पवित्र माणसं हातात टाळ घेऊन उभी राहिली. पण तुकोबांच्या गाथेत पाईकीचे अभंगही आहेत. पाईक म्हणजे साधा पायदळ शिपाई. त्याचं इमान, त्याची जोखीम, धन्यासाठी जीव टाकणं, हे सगळं तुकोबांनी जवळून पाहिलेलं दिसतं. पॅलाडिन मराठी मातीत रुजवताना मला चिलखतातल्या सरदारापेक्षा हा पाईक जास्त उपयोगी पडला. त्याच्याकडे तेज वगैरे नाही. त्याच्याकडे नेमून दिलेली जागा आहे, आणि तो ती सोडत नाही.

पवित्र योद्ध्याची दुसरी बाजूही मला टेबलावर आणावी लागते, नाहीतर खेळ देव्हाऱ्यासारखा होतो. आपल्या इतिहासात शस्त्रधारी साधू पुष्कळ झाले. अनुपगिरी आणि उमरावगिरी या गोसावी बंधूंच्या नागा फौजा १७६१ मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभ्या होत्या. हाच अनुपगिरी, हिंमतबहादूर म्हणून, पुढे महादजी शिंद्यांकडे आला, त्यांच्याशी बिनसलं, आणि १८०३ मध्ये इंग्रजांना जाऊन मिळाला. अंगाला राख आणि हातात पगारपत्रक. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी स्वतः लढले नाहीत, पण बाजीरावाला कर्ज देत होते आणि वसूलही करत होते. मी असा एक स्वामी माझ्या जगात ठेवलाय. तो पॅलाडिनला घोडा देतो, दाणागोटा देतो, आशीर्वाद देतो, आणि चौथ्या प्रवेशात व्याजाची गोष्ट काढतो. बँकेतले लोक या स्वामीशी जी घासाघीस करतात ती ऐकण्यासारखी असते.

एक नियम मात्र मी कोणासाठी सैल करत नाही. शत्रू कोण हे त्याच्या देवावरून ठरवायचं नाही. गट नवा असला की कोणीतरी हमखास त्या वाटेला जायला बघतो. कधी गंमत म्हणून, कधी गंमत नसताना. भाषण द्यायची माझी इच्छा नसते, ते तीस वर्षं देऊन झालंय. मी प्रतापगडाची यादी सांगते. महाराजांबरोबर अफजलखानाच्या भेटीला गेलेल्या निवडक अंगरक्षकांमध्ये सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाच्या छावणीत मावळातले देशमुख होते. खेळ पुढे जातो. पॅलाडिनला सगळ्यात मोठा धोका बाहेरच्या राक्षसाचा नसतो. माझ्या मागे देव आहे म्हणून मी करतो ते बरोबर, हे त्याला एकदा पटलं की तो राक्षसापेक्षा अवघड होतो. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. शाळेत मी अशी माणसं पाहिली, कधी स्टाफरूममध्ये, कधी पालकसभेत. त्यांच्याशी वाद घालून कधी उपयोग होत नसे. खेळात निदान फासा टाकता येतो.

या कामात ज्या रात्री लक्षात राहिल्या त्यांतली एक सांगते. गट एका कुटुंबाचा होता. दीर-जावा, कॉलेजातली मुलं, आणि थोरली जाऊ, जी एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होती. पॅलाडिनचा कागद नेहमीप्रमाणे सरकत तिच्यापुढे आला. "मला मारामारी नाही जमायची हां," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की या पात्राच्या हातात दोन गोष्टी असतात. एका हाताने तो मारतो, दुसरा हात ठेवून बरं करतो. बरं करण्याचे गुण मोजके असतात, पायरीच्या पाचपट. आपण तिसऱ्या पायरीवर आहोत, म्हणून पंधरा. एक गुण दिला की मरणाच्या दारातला माणूस डोळे उघडतो. पाच गुण दिले की एक विषबाधा किंवा एक आजार उतरतो. पंधरा संपले की रात्रभर झोपल्याशिवाय परत मिळत नाहीत.

रात्री उशिरा त्यांच्या वाटेवर दरड कोसळलेलं गाव आलं. घाटातल्या माणसाला हे चित्र कल्पनेतून आणावं लागत नाही. दगडमातीखाली काही जण, विहिरीचं पाणी नासल्याने काही जण, आणि त्यांच्याच टोळीतला तलवारबाज, म्हणजे तिचा पुतण्या, अर्धमेला. मुलं एकदम बोलू लागली. काकू, आधी त्याला बरं करा, तो लढला तर सगळे वाचतील. खेळाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. ती काही बोलली नाही. मला विचारलं, "ओरडतंय कोण, आणि गप्प कोण आहे?" मी सांगितलं. "ओरडतायत त्यांचा श्वास चालू आहे. ते थांबतील." जे गप्प होते त्या चौघांना तिने एकेक गुण दिला. विषबाधा झालेल्या दोन मुलांना पाच-पाच. चौदा झाले. पुतण्या म्हणाला, "एक उरलाय ना, तो मला द्या." तिने त्याच्याकडे बघितलं. "तू बसू शकतोयस. बस. रात्र अजून संपली नाही."

टेबल शांत झालं. तिने कुठलाही संवाद पल्लेदार केला नाही, देवाचं नावही घेतलं नाही. मला मात्र पॅलाडिन काय असतो ते त्या रात्री अर्ध्या मिनिटात समजलं, आणि ते पन्नास वर्षांच्या नियमपुस्तकांत कुठे लिहिलेलं नाही. व्रत कितीही मोठं असलं तरी हातात पंधराच गुण असतात. कोणाला द्यायचे हे ठरवायचं, कोणाला द्यायचे नाहीत हेही ठरवायचं, आणि नाही म्हटलेल्याच्या शेजारी बसून राहायचं. विशीतल्या माणसाला वाटतं की गुण वाढवता येतील. पुढची पायरी गाठू, वीस होतील. चाळिशीनंतर माणूस आहे त्यात भागवायला शिकलेला असतो. घरखर्चातून, आजारपणांतून, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांतून ते शिकणं झालेलं असतं. सर्वेंतेसचा डॉन किहोते पन्नाशीच्या आसपास भाला घेऊन बाहेर पडतो आणि चारशे वर्षं जग त्याला हसत आलंय. त्याची अडचण वय ही नव्हती. आपल्याकडे नेमके किती गुण आहेत हे त्याला मोजायचं नव्हतं.

एक गोष्ट मी माझ्या जगातून काढून टाकली आहे. पूर्वी त्यात एक धबधबा होता. पाणी अचानक चढायचं, माणसं अडकायची, आणि पॅलाडिन मंतरलेला दोर टाकून त्यांना ओढून काढायचा. खेळणाऱ्यांना तो प्रसंग फार आवडायचा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर मी तो प्रसंग कधीच लावला नाही. इथे असा दोर टाकणारी खरी माणसं आहेत. शिवदुर्ग मित्र ही लोणावळ्याची संस्था डोंगरदऱ्यांत आणि पाण्यात अडकलेल्यांना शोधायला जाते. तिचे सदस्य आपापली कामं सांभाळून जातात. रात्री-बेरात्री फोन येतो, पाऊस कोसळत असतो, खाली दरीत जो कोणी आहे तो बहुधा सूचना न ऐकता गेलेला असतो. त्याला न विचारता, न रागावता हे लोक उतरतात. पुष्कळदा हाती जिवंत माणूस लागत नाही, तरी उतरतात, कारण वर कोणाचे तरी घरचे उभे असतात. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून फाशांनी तसली सुटका घडवून आणायची माझी हिंमत होत नाही. कल्पनेच्या जगाला पुष्कळ मुभा असते, पण ते कुठे बसून सांगतोय याचा विचार सांगणाऱ्याला करावा लागतो.

बंगल्याची देखभाल करणारे मामा भुशी गावचेच. पहिल्या वर्षी ते दारात उभे राहून ऐकायचे आणि नापसंतीने मान हलवायचे. मोठी माणसं, गाड्या घेऊन आलेली, आणि तलवारी-तलवारी काय खेळतात? मग एकदा गट निघून गेल्यावर त्यांनी टेबल पुसता पुसता विचारलं, "मॅडम, ह्या तुमच्या व्रतवाल्याचं व्रत सुटतं कधी?"

मी म्हटलं, तो चुकला की मोडतं. नाहीतर मरेपर्यंत चालतं.

"मग त्याचं उद्यापन कोण करतं?"

खेळाच्या कोणत्याच आवृत्तीत याला उत्तर नव्हतं. तिथे पॅलाडिन एकतर व्रतस्थ असतो, नाहीतर भ्रष्ट. आपल्याकडे सोळा सोमवारांनाही शेवट असतो. व्रत ठरल्या मुदतीने पुरं होतं, जेवणावळ होते, दान दिलं जातं, आणि माणूस मोकळा होतो. त्यात हार नसते, पळपुटेपणाही नसतो. मामांच्या त्या प्रश्नानंतर मी आमच्या खेळाला शेवटचा अर्धा तास जोडला. राक्षस मरो की न मरो, साडेअकराला लढाई थांबते. पॅलाडिन खेळणाऱ्याला मी विचारते, व्रत पुढे चालवायचं की उद्यापन करायचं? उद्यापन करायचं तर तीन कामं करावी लागतात. हत्यार कोणाच्या हाती देणार ते नाव घेऊन सांगायचं. व्रतामुळे ज्याचं नुकसान झालं त्याला जेवायला बोलवायचं. आणि वतनाच्या रकान्यातल्या ज्या गोष्टीवर पाणी सोडलं होतं तिच्याविना आता दिवस कसे काढणार, ते एका वाक्यात सांगायचं.

तरुण मुलं जवळजवळ कधीच उद्यापन करत नाहीत. त्यांना पुढची पायरी हवी असते, आणि ते ठीकच आहे. मोठी माणसं बराच वेळ विचार करतात. त्यांच्यातले पुष्कळ जण शेवटी व्रत चालूच ठेवतात, पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं. ज्यांच्यावर घर, ऑफिस, सोसायटीची कमिटी, आईचं औषधपाणी असं सगळं वर्षानुवर्षं नेमून दिल्यासारखं येऊन पडलेलं असतं, त्यांना कोणी कधी विचारत नाही की अजून चालवायचंय का. न विचारता चालवलेलं व्रत हळूहळू ओझं होतं, आणि त्याखालचा माणूस कडवट होतो. आपण घेतलेलं आहे, सोडता येतं, आणि तरी चालवतोय, असं कळलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या तऱ्हेने उचलतो. कान्होजींनाही महाराजांनी आधी विचारलंच होतं. तुमचं वतन आहे, तुम्ही जाऊ शकता, असं म्हणून झाल्यावर जो थांबतो त्याच्या शपथेवर विसंबता येतं. टेबलावर असो की बाहेर, पॅलाडिन निवडायची माझी कसोटी आता हीच आहे.